वळता काय, ता सांग

आमच्या दोडामार्गकडच्या माणसांचा सिंगापूरबद्दल एक ठाम समज आहे. जगातली कुठलीही वस्तू इथे स्वस्त मिळते, आणि मिळते ती अस्सलच असते. पूर्वी हा समज टेपरेकॉर्डर आणि मनगटी घड्याळांपुरता होता. आता तो गाडीच्या रिमपर्यंत पोचला आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, सिंगापुरात अलॉय व्हील चांगली मिळतात ना?"

पुतण्या गावी शेती करतो. भेडशीच्या अलीकडे आमची काजू-सुपारीची बाग आहे, आणि वरच्या डगरीवर थोडं रबर. माल न्यायला त्याने टोयोटाची हायलक्स घेतली. मग एका पावसाळ्यात मित्रांबरोबर तो गोव्याला 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' बघायला गेला. ही जंगलातल्या चिखलात गाड्या घालायची स्पर्धा मूळची मलेशियातली, १९९७ साली सुरू झालेली; तिची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली. पुतण्या परत आला तो वेडा होऊनच. महिनाभरात त्याने गाडी दोन इंच उचलून घेतली. म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर आणि मागच्या पाट्यांखाली ठोकळे घालून सगळी बॉडी वर घेतली. उचललेल्या गाडीखाली मूळची चाकं त्याला आता खेळण्यातली वाटू लागली होती.

मी इथे अठरा वर्षं आहे. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सगळी संगणकासमोरची, आणि स्वतःची गाडी एकही नाही. इथल्या वाचकांना कारण सांगायला नको. गावच्या वाचकांसाठी सांगतो. सिंगापुरात गाडी घ्यायच्या आधी ती दहा वर्षं ठेवण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. १९९० पासून ही पद्धत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांसाठीचा हा परवाना दीड लाख डॉलरवर गेला होता, आणि त्यात गाडीचं एक चाकसुद्धा येत नाही. तेव्हा आमच्यासारख्यांनी एमआरटीने जावं हे बरं. पण पुतण्याने विचारलं आणि झोपलेला इंजिनिअर जागा झाला.

चार रिम विमानाने नेणं परवडणार नव्हतं. मी म्हटलं, "तू तिकडेच घे. माप मी काढून देतो, पैसे मी पाठवतो."

टायरच्या अंगावरचे आकडे बहुतेकांनी पाहिलेले असतात, वाचलेले नसतात. हायलक्सच्या मूळ टायरवर २६५/६५ आर १७ असं असतं. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर; त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के; आणि आतली रिम १७ इंची. भिंत दोनदा मोजायची, वर एकदा आणि खाली एकदा, त्यात रिम मिळवायची, की टायरचा पूर्ण व्यास निघतो : ७७६ मिलिमीटर. पुतण्याला हवा होता २८५/७० आर १७. त्याचा व्यास ८३१. फरक ५५ मिलिमीटर. गाडी तर ५० मिलिमीटर उचललेली होती, आणि टायर वरच्या बाजूला वाढणार तो फरकाच्या निम्माच, म्हणजे २७. मी कागदावर दोन वर्तुळं काढली, वर मडगार्डची कमान काढली आणि सांगून टाकलं, "आरामात बसेल." शिवाय त्याने फोटो पाठवलेली नऊ इंच रुंदीची, शून्य ऑफसेटची काळी रिम दिसायलाही झकास होती. ऑफसेट म्हणजे काय ते मला पुस्तकापुरतं माहीत होतं. चार टायर आणि चार रिमचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. जूनमध्ये फोटो आला. अंगणात गाडी उभी, चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. मी तो इथल्या चार मित्रांना दाखवला.

जुलैमध्ये दादाचा फोन आला. दादा सहसा स्वतःहून फोन करत नाही.

वहिनींना डोळे दाखवायला बेळगावला न्यायचं होतं. आमच्याकडून बेळगाव म्हणजे तिलारीचा घाट. चढ उभा, रस्ता अरुंद, वळणं कोपरात मोडणारी, वर आषाढाचा पाऊस. अशाच एका वळणावर पुतण्याने स्टिअरिंग पूर्ण कापलं, त्याच क्षणी एक पुढचं चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं. करकर आवाज झाला. मडगार्डच्या आतला प्लास्टिकचा पत्रा टायरने ओढून घेतला आणि तो चाकात गुंडाळला गेला. चाक आणखी वळेना. गाडीचं नाक दरीच्या कठड्याकडे, मागे एक टेम्पो हॉर्न देतोय, आणि चढावर रिव्हर्स घेण्यावाचून इलाज नाही. दादा भर पावसात उतरला, टेम्पो थांबवला आणि मागच्या हौद्यातला कोयता घेऊन त्याने ते प्लास्टिक कापून काढलं. कुणाला काही झालं नाही. पण बेळगाव राहिलं, आणि घरी येईपर्यंत वहिनींनी दाराचा दांडा सोडला नाही.

दादा रागावला नाही, हेच मला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "उभी गाडी बरी दिसता रे. वळता काय, ता सांग."

मला सांगता येईना. पुढच्याच शनिवारी मी काकी बुकितला गेलो.

काकी बुकित, उबी, सिन मिंग हे भाग पाहुण्यांना दाखवायच्या यादीत कधी नसतात. तिथे मजल्यांवर मजले नुसती गॅरेजेस आहेत. रॅम्पवरून गाड्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढतात, आणि तेल, रबर नि कोपीचा मिळून एक वास येतो. हायलक्स तिथे बऱ्याच दिसल्या, पण सगळ्या कामाच्या : हौद्यात शिड्या, पाइप, रंगाचे डबे. उचललेली एकही नाही. एका टायरवाल्याकडे गर्दी कमी होती. दुकानदार सत्तरीकडे झुकलेले चिनी अंकल. मी त्यांना मोबाइलवर पुतण्याच्या गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला :

"फिट, कॅन. टर्न, कॅनॉट."

दादाच्या मालवणीतलं वाक्य सिंगापुरी इंग्रजीत ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसलोच.

अंकलनी एक रिम जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर आडवी पट्टी ठेवली. रिमच्या रुंदीचा मध्य इथे. रिम गाडीच्या हबला टेकते ती जागा इथे. या दोहोंमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ रिम साडेसात इंची, ऑफसेट अधिक ३०. म्हणजे टेकायची जागा मध्यापासून ३० मिलिमीटर बाहेरच्या अंगाला, त्यामुळे चाक तेवढं आत बसतं. आमची नवी रिम नऊ इंची, ऑफसेट शून्य. त्यांनी पट्टीवर बोट सरकवत हिशेब करून दाखवला : चाकाची बाहेरची कड ४९ मिलिमीटर बाहेर गेली होती. जवळजवळ दोन इंच.

"सो?" मी विचारलं. नट सहाच्या सहा जुळले होते, मधलं भोकही जुळलं होतं.

अंकलनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याची एक पट्टी केली आणि टाचणीने टेबलावर टोचली. पट्टी टाचणीभोवती फिरवली, मग टाचणी एका टोकाकडे नेऊन पुन्हा फिरवली. दुसऱ्या वेळी लांबचं टोक केवढा तरी मोठा गोल फिरलं. पुढचं चाक वळतं ते स्वतःच्या मध्याभोवती नाही. ते आतल्या सांध्याभोवती वळतं. चाक जितकं बाहेर, तितका त्याच्या कोपऱ्यांचा फेरा मोठा. सरळ चाकाला मडगार्डमध्ये भरपूर जागा असते. तेच चाक पूर्ण वळलं की त्याचा मागचा कोपरा पायाजवळच्या पत्र्यात घुसतो आणि पुढचा बंपरात. मी काढलेली वर्तुळं सरळ चाकाची होती. वळणाऱ्या चाकाचं चित्र मी काढलंच नव्हतं.

"पण गाडी उचलली आहे की," मी शेवटचा प्रयत्न केला.

यावर ते हसले. स्पेसर घालून गाडी उचलली तरी ती सपाट रस्त्यावर उचललेली. खड्ड्यात किंवा दगडावर स्प्रिंग पूर्ण दबली की चाक वर येऊन पूर्वी जिथे थांबायचं तिथेच थांबतं; तिथली जागा इंचभरही वाढलेली नसते. आणि मागच्या आसाचा डिफरन्शियलचा गोळा, जो दगडाला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तो बॉडी उचलल्याने वर जात नाही. त्याला फक्त टायर उचलतो, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा. म्हणजे आम्ही दोन इंचाचे पैसे दिले, मागच्या आसाला मिळाले २७ मिलिमीटर, आणि तेही टायरचे.

इथल्या नियमांबद्दल विचारलं तर त्यांनी हाताची कड मडगार्डवर उभी धरून दाखवली. टायर या रेषेच्या बाहेर आला की संपलं. बाहेर आलेलं चाक शेजारच्यावर दगड आणि पाणी उडवतं, बेअरिंगवर वाकडा भार टाकतं. मला आपला जूनचा फोटो आणि त्याचं केलेलं कौतुक आठवलं. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच : कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. मला हे पैसे पाठवायच्या आधी वाचता आलं असतं.

उठताना अंकल म्हणाले, उचललेल्या गाड्या बघायच्या तर जेबीला जा.

जोहोर बाहरूला जायला सोबत मिळाली ती मंडळातल्या एका मित्राची. त्याची गाडी जुनी आहे आणि टायर बदलायला तो नेहमी पलीकडेच जातो. १९२४ साली रस्त्याच्या वाहतुकीला खुला झालेला कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा. आम्हाला त्यावर दीड तास लागला. निघण्याआधी पेट्रोलचा काटा पाहायचा असतो. सिंगापूरची गाडी पाऊण टाकी भरलेली असल्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही, नाहीतर सगळेच पलीकडे स्वस्तात भरतील.

पलीकडे गेल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांची जातच बदलते. पाम आणि रबराच्या मळ्यांतून आलेल्या, लाल माती लागलेल्या हायलक्स, ट्रायटन, डी-मॅक्स. आणि त्यांतल्या बऱ्याच उचललेल्या. तेब्राऊच्या बाजूला एका दुकानात अशाच एका हायलक्सला टायर घालत होते. मित्राचे टायर बदलेपर्यंत मी तासभर तिथे उभा राहिलो. मेकॅनिक मलय तरुण होता. त्याने नवीन टायर आधी एकाच चाकाला घातला. मग गाडीचं ते पुढचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवलं, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दबली. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः खाली वाकून टॉर्चने सगळीकडे बोट घालून पाहिलं. पुढे, मागे, आत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपाशी. जिथे बोट जाईना तिथे खडूने खूण केली. त्यानंतरच बाकीच्या टायरांना हात लावला. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. त्याने टायर मागवले पाच, चार नव्हेत. मी विचारलं तर त्याने हौद्याखाली बोट दाखवलं. स्टेपनी! वेगळ्या व्यासाची स्टेपनी एका बाजूला लावून चालवली तर दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियल झिजत राहतं. फोर-व्हील टाकली तर आणखीच वाईट. मी पैसे चारांचे पाठवले होते, आणि वर काटकसर केल्याचं समाधान मानलं होतं.

परतल्यावर, रविवारी, बोटॅनिक गार्डनला गेलो. इथे रबराचा इतिहास सांगणारी जागा आहे हे माहीत होतं, पण कधी थांबलो नव्हतो. १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत गेल्या, आणि तिथली बावीस रोपं १८७७ मध्ये सिंगापूरला आली. १८८८ मध्ये हेन्री रिडले या बागेचे प्रमुख म्हणून आले. त्याच वर्षी डनलॉपने आयर्लंडमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. झाड न मारता सालीवर तिरक्या रेघा मारून रोज चीक काढायची पद्धत रिडलेंनी इथे बसवली. मळेवाल्यांनी आधी त्यांना वेड्यात काढलं. पुढे सगळा मलाया त्या रेघांवर चालला. आमच्या दोडामार्गात केरळी मळेवाल्यांनी रबर आणलं ते पुष्कळ नंतर. पण पुतण्या पहाटे ज्या तिरक्या रेघा मारतो त्या इथल्याच. टायरची सुरुवात दोन्ही गावांत, आणि मी मात्र मधल्या मधे कागदावर गोल काढत बसलो होतो.

परदेशातून आपण घर पाहतो ते बहुतेक वेळा उभं. फोटोत उभं, व्हिडिओ कॉलच्या चौकटीत उभं. तिथे सगळं बसलेलं दिसतं. दादाचा गुडघा जिना चढताना दुखतो, वहिनींना संध्याकाळी अंधुक दिसतं, घाटात रस्ता खचलाय, हे सगळं हालचालीतलं असतं आणि ते फोटोत येत नाही. आपण मात्र माप त्या फोटोवरून घेतो आणि पैसे पाठवतो. पैसे पाठवणं सोपंही असतं.

या वेळी गणपतीला गेलो. मोप्याच्या विमानतळावर पुतण्या आणायला आला तो मित्राची मारुती घेऊन. हायलक्स मांगरापाशी उभीच होती. चतुर्थी होऊ दिली, ऋषिपंचमीला कामाला लागलो. मेजरिंग टेप, खडू, टॉर्च आणि फणसाचा एक ओंडका. जेबीत पाहिलं तसंच एक चाक ओंडक्यावर चढवलं आणि पुतण्याला म्हटलं, "काप पूर्ण." पहिल्या पाव फेरीतच टायर पत्र्याला लागला. तो काही बोलला नाही. खाली उतरून स्वतः बोट घालून बघू लागला.

मग मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : गाडी जाते कुठे? बागेतली पाऊलवाट, जांभ्या दगडाचा चढ, ओढ्यातला चिखल, आणि महिन्यातून दोनदा घाट. याला रुंद टायर नको होता. नक्षी हवी होती. गुळगुळीत रस्त्याच्या टायरऐवजी ऑल-टेरेन, ज्याच्या खोल खाचा चिखल धरतात आणि फेकतातही. माप ठरलं २६५/७० आर १७. व्यास ८०३, मूळपेक्षा फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी बासष्टने असेल. आधीच्या टायरवर ती चौसष्टने होती, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. रिम मूळच्याच, ज्या त्याने नशिबाने विकल्या नव्हत्या. एक टायर मागवला, घातला, ओंडक्यावर चढवला, दोन्हीकडे पूर्ण कापला. बोट सगळीकडे फिरलं. मग उरलेले मागवले, स्टेपनीसकट चार. पैसे या वेळी पुतण्याने दिले. मी हट्ट केला नाही.

आणि एक गोष्ट अंकलनी सांगितली नव्हती, ती वहिनींनी सांगितली : "चढायला पायरी लावा आधी." दादाचा गुडघा दोन इंच वर जात नव्हता, तो गाडीत बसत नव्हता त्याचं अर्धं कारण हे होतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सावंतवाडीहून पायरी आणली.

गाडी मुळात उचललेली ठेवायची की परत खाली घ्यायची, हा बापलेकांचा वाद अजून चालू आहे. कायद्याचं मी पुतण्याला वाचून दाखवलं आहे, विमा कंपनी काय म्हणेल तेही. पुढचं त्याने ठरवायचं.

मी निघायच्या आदल्या दिवशी दादा पायरीवरून चढून पुढे बसला. पुतण्याने खळ्यात स्टिअरिंग पूर्ण कापून तुळशीभोवती एक गोल घेतला, मग उलट्या बाजूने दुसरा. दादाने काच खाली केली होती आणि कान बाहेर काढला होता. आवाज आला तो फक्त खडीचा. दुसऱ्या दिवशी मी मोप्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते तिघं तिलारीच्या घाटाला लागले. विमानात बसण्याआधी फोटो आला : बेळगावात, डॉक्टरांच्या दाराशी, काळा चष्मा लावलेल्या वहिनी. गाडी फोटोत नव्हती.

ते चार काळे, नऊ इंची रिम अजून मांगरात आहेत. संध्याकाळी त्यांवर कोंबड्या बसतात. कुणाला हवे असतील तर कळवा, स्वस्तात देऊ. पण आधी गाडी वळवून बघा.